क्रोमची चमक पुन्हा पुन्हा उडते? आधी ती कुठून उडते ते बघा

"मामा, सोनं गेलं की ओ! आत चांदी हाय!"

भाच्याने रोबो माझ्या नाकासमोर धरला. जानेवारीत सोलापूरच्या होम मैदानावरच्या गड्डा यात्रेतून आणलेला रोबो, आणि फेब्रुवारी अजून सरला नव्हता. छातीवरच्या सोनेरी पट्टीवर, बरोबर जिथे त्याचा उजवा अंगठा टेकतो तिथे, नखाएवढा भाग रुपेरी झाला होता. बाकीची पट्टी अजून लखलखत होती.

पोर रडवेलं झालं होतं, पण त्याने एका वाक्यात निम्मं निदान करून टाकलं होतं. सोन्याच्या आत चांदी दिसते म्हणजे ते खेळणं अजून वाचवता येतं. तिथे प्लास्टिकचा काळा किंवा करडा रंग दिसला असता तर उशीर झाला होता. बहिणीकडच्या आणि शेजारच्या पोरांचे असे भाग माझ्याकडे वरचेवर येतात. ट्रकचे बंपर, गाड्यांच्या जाळ्या, तलवारींच्या मुठी, रोबोंचे खांदे. तक्रार सगळ्यांची एकच. दर वर्षी नवं घ्यायचं आणि दोन-तीन महिन्यांत चमक उडायची. घरोघरी यावर उपायही एकच केला जातो, तो म्हणजे अजून जोरात पुसणं. नुकसान तिथेच होतं.

ही चमक असते कशाची

खेळण्यावर ज्याला आपण क्रोम म्हणतो त्यात बहुतेक वेळा क्रोमियम नसतंच. ते ॲल्युमिनियम असतं. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकच्या भागावर आधी वॉर्निशचा एक हात देतात, म्हणजे पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत होतो. मग ते भाग एका मोठ्या टाकीत टांगून आतली हवा काढून घेतात. टाकीत टंगस्टनच्या तारेवर ॲल्युमिनियमचे तुकडे अडकवलेले असतात. तार तापली की ॲल्युमिनियम वितळतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ फिरत्या भागांवर जाऊन बसते. त्यावर शेवटी पारदर्शक वॉर्निशचा दुसरा हात. सोनेरी हवं असेल तर या वरच्या वॉर्निशमध्ये पिवळा रंग घालतात, इतकंच. त्यामुळे सोनेरी, तांबूस, निळं, सगळ्या रंगीत चमकीच्या आत तीच रुपेरी असते.

आता जाडी बघा. स्वयंपाकघरात चपात्या गुंडाळतो ती फॉइल साधारण १० ते १५ मायक्रॉन असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). खेळण्यावरचं ॲल्युमिनियम एका मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. फॉइलपेक्षा शंभर पट पातळ. नुसत्या बोटाने चार वेळा घासलं तरी निघेल असा हा थर, आणि त्याला सांभाळतं ते वरचं वॉर्निश. झिजतं तेही आधी वॉर्निशच. ते शाबूत आहे तोवर चमक आहे.

मोटरसायकलचे किंवा नळाचे क्रोमचे प्लास्टिक भाग वेगळे. त्यांच्यावर तांबं, निकेल आणि वर खरं क्रोमियम असे थर विजेने चढवलेले असतात, ते कितीतरी जाड आणि टणक असतात. म्हणूनच गाडीच्या क्रोमला चालणारं पॉलिश खेळण्याला लावलं की दोन मिनिटांत खाली प्लास्टिक दिसतं. माझ्याकडे आलेल्या एका ट्रकच्या जाळीचं असंच झालं होतं. वडिलांनी मनापासून पॉलिश करून दिली होती, जाळीच्या सगळ्या उभ्या पट्ट्या धारेवर काळ्या पडल्या होत्या.

आता तुमचा भाग उजेडात धरा

खिडकीपाशी जा, भाग तिरका धरा आणि चमक कशी गेली आहे ते नीट बघा. प्रत्येक कारणाची खूण वेगळी असते.

फक्त कडा आणि उंचवटे उघडे पडले असतील, खोलगट भाग चकचकीत असेल, तर ते घासण्याने झालंय. सगळ्या पृष्ठभागावर दुधाळ झाक आली असेल तर काहीतरी द्रव लागलंय, बहुधा सॅनिटायझर किंवा काच पुसायचं औषध. पापुद्रे सुटत असतील, आणि ते एखाद्या कापलेल्या टोकापासून सुरू झाले असतील, तर थराखाली पाणी शिरलंय. जळमटासारख्या बारीक रेघा दिसत असतील तर ऊन. टायर टेकतो नेमक्या त्याच जागी चिकट, सुरकुतलेला डाग असेल तर दोष टायरचा. आणि टाचणीच्या टोकाएवढे काळपट-पांढरे ठिपके म्हणजे घामाचं किंवा खाण्याचं मीठ वॉर्निशच्या बारीक छिद्रांतून आत जाऊन ॲल्युमिनियम खातंय. आमच्याकडे शेंगाचटणीच्या हातानेच खेळणं उचललं जातं. तेल, मीठ, तिखट सगळं एकदम लागतं. हात धुऊन खेळायचं एवढी एक सवय लागली की हे ठिपके जवळजवळ थांबतात.

माझ्याकडे आलेल्या भागांत निम्म्याहून जास्त भाग पहिल्या प्रकारचे, घासून गेलेले. त्यातले बरेच खेळून घासलेले नव्हते, पुसून घासलेले होते. म्हणून कापडाबद्दल थोडं जास्त बोलतो.

टॉवेलने पुसू नका, आपल्या सोलापूरचा असला तरी

मी टेरी टॉवेलच्या कारखान्यात तपासणीला आहे. दिवसभर हातातून टॉवेलच जातात, त्यामुळे हे जरा अधिकाराने सांगतो. टॉवेलचं सगळं कौतुक त्याच्या लूपमध्ये, म्हणजे वर उभ्या असलेल्या धाग्यांच्या फासांत असतं. लूप पाणी ओढतो, तसाच तो कचही धरून ठेवतो. एप्रिलमध्ये दुपारी वारा सुटला की जी धूळ घरात येते तिच्यात वाळूचा बारीक कच असतो, आणि खेळण्यावरच्या वॉर्निशपेक्षा तो फार कठीण असतो. टॉवेलने पुसलं की हा कच लुपात अडकून चमकीवरून पुढे-मागे फिरतो. म्हणजे आपण अगदी बारीक पॉलिश पेपरनेच पुसत असतो.

दुसरं, टॉवेलची शिवलेली किनार. तिथे धागा बहुतेक वेळा पॉलिस्टरचा असतो आणि शिलाईची घडी कडक असते. लेबल तर त्याहून खरखरीत. एकदा मुद्दाम करून बघितलं. एका मोडक्या बंपरच्या अर्ध्या भागावर टॉवेलचा मधला भाग वीस वेळा फिरवला, उरलेल्या अर्ध्यावर तेवढ्याच वेळा किनार. मग खिडकीपाशी तिरका धरून पाहिला. मधल्या भागाने केसासारखे गोल-गोल ओरखडे पडले होते. किनारीने मात्र बंपरच्या कोपऱ्याचं वॉर्निश काढून टाकलं होतं, कोपरा मंद दिसत होता.

नवं सुती कापडही नको. विणण्याआधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना दिलेली खळ धुण्यात पुरती निघाली नसेल तर कापड कडक राहतं. सगळ्यांत चांगलं काय, तर वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं मलमल, आजोबांच्या धोतराचा किंवा आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. काठ आणि शिवण कापून टाकायची, झटकून घ्यायचा, आणि तो तुकडा फक्त याच कामाला ठेवायचा. मायक्रोफायबर चालतं, पण तेही कच धरून ठेवतं. गाडी पुसलेलं मायक्रोफायबर खेळण्याला लावायचं नाही.

कापड कितीही मऊ असलं तरी पहिलं काम कापडाचं नाही. आधी धूळ उडवायची. रंगकामाचा किंवा मेकअपचा मऊ ब्रश घ्या, भाग उलटा धरा आणि हलक्या हाताने झटका, म्हणजे कच खाली पडेल. बऱ्याचदा एवढ्यावरच भाग स्वच्छ होतो, मग कापडाला हातही लावू नका.

धुवायचंच असेल तर

वाटीभर साधं, गार पाणी. त्यात बेबी शॅम्पूचे दोन थेंब. भाग बुडवून मिनिटभर हलवा, ब्रशने फक्त खाचा मोकळ्या करा, घासू नका. लगेच काढून स्वच्छ पाण्यातून विसळा, मलमल नुसतं टेकवून पाणी टिपून घ्या आणि पंख्याखाली सावलीत ठेवा. बॅटरीवरचं खेळणं असेल तर चमकीचा भाग सुटा होत असेल तरच बुडवा, नाहीतर ओलसर मलमल पुरे.

विसळायला बोअरचं पाणी घेऊ नका. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, मधल्या दिवसांत बोअर. त्या पाण्यात क्षार इतके, की थेंब वाळला की पांढरी कडी उरते. ती कडी काढायला माणूस पुन्हा घासतो, आणि तिथून सगळं बिघडत जातं. शेवटचं विसळणं आरओ फिल्टरच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने करा. बाटलीवरचं नाव वाचूनच घ्या, त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही मिळतं.

काय लावायचं नाही याची यादी मोठी आहे, पण त्यामागची कारणं तीनच. ॲल्युमिनियमला आम्लही सोसत नाही आणि अल्कलीही. म्हणून धुण्याचा सोडा, ब्लीच, संडास धुवायचं औषध, लिंबू, चिंच यांतलं काहीही नको. पाडव्याला पितळी समई चिंच-मिठाने घासताना आमच्या शेजारच्या आजींनी नातवाची सोनेरी मुठीची तलवारही त्याच हाताने घासून दिली. पितळ उजळलं, मुठीची दुसऱ्या दिवशी चाळण झाली. मिठाने आणि आम्लाने मिळून आतलं ॲल्युमिनियम जागोजाग खाल्लं होतं. आजींना फार वाईट वाटलं. सोन्यासारखं दिसणारं सगळं एकाच रीतीने उजळतं, असं कुणालाही वाटेल.

दुसरं कारण द्रावक. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश काढायचं पाणी हे वॉर्निशच काय, खालचं प्लास्टिकही, म्हणजे एबीएस किंवा पॉलिस्टायरीन, विरघळवतात. सॅनिटायझर त्या मानाने सौम्य वाटतो, पण त्यात ७० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं आणि खेळण्यावरची कित्येक वॉर्निशं त्याने नरम पडून दुधाळ होतात. २०२० मध्ये घरात येणारी प्रत्येक वस्तू आपण सॅनिटायझरने पुसत होतो. त्या वर्षीचे जेवढे रोबो माझ्याकडे आले ते सगळे धुक्यातून बघितल्यासारखे दिसत होते. वॉर्निशच्या आतच झालेला हा धूसरपणा परत निघत नाही.

तिसरं कारण खरखर. टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, भांड्याची वडी, रबिंग कंपाउंड. यांचं कामच थर काढायचं.

खोबरेल तेलाचा बोळा फिरवून चमक आणायची सवयही सोडा. घटकाभर छान दिसतं, मग त्यावर धूळ बसते आणि ओली माती घासल्यासारखं होतं. शिवाय पॉलिस्टायरीनसारखं प्लास्टिक ताणात असेल, म्हणजे खटक्याने बसवलेलं किंवा स्क्रूने आवळलेलं, तर तेलाने त्याला तडेही जातात.

सांधे आणि खटके

रोबोचा खांदा, तलवारीची मूठ पंज्यात बसते ती जागा, ट्रकचं उघडणारं बोनेट. इथे कितीही जपलं तरी चमक जाते, कारण दोन कठीण भाग एकमेकांवर घासतात. उपाय एकच, आणि तो चमकीच्या भागावर करायचा नाही, समोरच्या भागावर करायचा. तलवारीची मूठ पंज्यात घट्ट जात असेल तर पंज्याचं भोक आतून ६००च्या पॉलिश पेपरची सुरळी करून दोन-चार फेरे मोठं करा. पेपरची धूळ पूर्ण पुसा. मग सिलिकॉन ग्रीसचा अगदी मोहरीएवढा थेंब आत लावा. सिलिकॉन ग्रीस प्लास्टिकला सोसतं. सायकलचं ग्रीस किंवा मशिनचं तेल नको. खूप लहान मूल असेल तर ग्रीसही नको, तो सांधा एकदा बसवून तसाच ठेवा.

टायरचं दुखणं वेगळं आहे. मऊ पीव्हीसीला मऊपणा देणारा जो तेलकट पदार्थ त्यात मिसळलेला असतो तो हळूहळू बाहेर येतो आणि टेकलेल्या वॉर्निशला, प्लास्टिकला खातो. मऊ टायरची गाडी महिनोन्महिने चमकत्या रॅम्पवर किंवा दुसऱ्या गाडीच्या बंपरला टेकून ठेवू नका. टायर आणि चमकती रिम यांच्यात पॉलिथिनच्या पातळ पिशवीची चकती कापून घातली की बराच काळ निभावतं. चमकीचे भाग जाड, लवचीक पीव्हीसीच्या पारदर्शक पाऊचमध्ये घालून ठेवणंही याच कारणाने वाईट.

उन्हाळा आणि ट्रंक

मार्चपासून मे संपेपर्यंत ही चमक आपल्या हवेशीच झगडत असते. पारा ४३-४४ वर गेला की बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास सहज तापतो. प्लास्टिक वितळायला तेवढ्याने होत नाही, पण तापल्यावर प्लास्टिक ॲल्युमिनियमच्या तिप्पट-चौपट प्रसरण पावतं. रोज दुपारी ताणलं जायचं, रोज रात्री आखडायचं. कडक वॉर्निशला हे झेपत नाही आणि ती जळमटासारखी रेघ उमटते. गाडीत, गच्चीवर, पत्र्याच्या खोलीच्या माळ्यावर चमकीची खेळणी ठेवू नका. घरातही पश्चिमेच्या खिडकीपासून लांब.

सुट्टी संपली की आपल्याकडे खेळणी चादरीत गुंडाळून ट्रंकेत जातात. चादर उत्तम, घात करते ती सोबतची डांबरगोळी. नॅफ्थलीनची वाफ पॉलिस्टायरीनला नरम करते. बंद ट्रंकेत चार महिने ती वाफ कोंडली की चमकीखालचं प्लास्टिकच चिकट होतं, मग वर काय टिकणार? चादरीच्या ट्रंकेत खेळणी नकोत. पॉलिप्रॉपिलीनचा झाकणाचा डबा घ्या, प्रत्येक चमकता भाग वेगळा पांढऱ्या टिश्यूत गुंडाळा. वर्तमानपत्रात नको, शाई उमटते. रबरबँडही नको.

गेटची जागा

हा उपाय मी सगळ्यांना आवर्जून सांगतो, कारण पाच मिनिटांचं काम आहे. साच्यातून भाग निघतो तो फांदीला लागलेल्या पेरूसारखा, प्लास्टिकच्या दांडीला जोडलेला. बऱ्याचदा चमक चढवतात ती त्या दांडीसकटच, आणि नंतर भाग कापून घेतात. जिथे कापला त्या जागेला गेट म्हणतात, आणि तिथे उघडं प्लास्टिक राहतं. बंपरच्या मागे, मुठीच्या टोकाला हा तांदळाएवढा डाग सापडेल. पाणी, घाम इथूनच थराखाली शिरतो आणि पापुद्रा सुटायला लागतो.

नवं खेळणं आणल्या दिवशी ते डाग शोधा. चित्रकलेच्या साहित्यात मिळणारं पाण्यावर चालणारं ॲक्रिलिक ग्लॉस वॉर्निश घ्या आणि सर्वांत बारीक ब्रशने फक्त तेवढ्या डागावर आणि कडेला एक मिलिमीटरभर लावा. नेलपॉलिश लावू नका, त्यातलं द्रावक कड सुरकुतवतं. आणि डब्यातल्या स्प्रेने सगळाच भाग झाकायचा मोह टाळा. आरशावर धुकं बसल्यासारखी चमक मंदावते.

अंगठा टेकतो त्या जागेलाही हेच वॉर्निश चालतं, आधी मागच्या बाजूला लावून एक दिवस बघा. भाच्याच्या रोबोची पट्टी अशीच वाचली. रुपेरी नखाएवढ्या जागेवर पिवळी पारदर्शक शाई मिसळलेलं वॉर्निश दोन पातळ हातांत लावलं. रंग तंतोतंत जुळला नाही, जरा लिंबाच्या सालीकडे झुकतो, पण चांदी झाकली आणि मुख्य म्हणजे ॲल्युमिनियम उघडं राहिलं नाही.

जिथे प्लास्टिक दिसतंय तिथे वॉर्निशने काही होत नाही. छोट्या जागेसाठी क्रोम मार्कर मिळतात. लावल्यावर हात लावायचा नाही, दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्यायचं, तरीही तो भाग मूळ आरशासारखा होत नाही आणि बोटाने मंद होतो. म्हणून ते शोकेसच्या गाडीला ठीक. तुटलेला चमकता भाग जोडताना सांध्याच्या जागेवरची चमक आधी खरवडा, नाहीतर गोंद वॉर्निशला धरतो आणि वॉर्निशच सुटतं. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ बाजूच्या चमकीवर पांढरी बुरशी बसल्यासारखी जमते. दोन नळ्यांचं इपॉक्सी वापरा.

पापुद्रे सुटायला लागलेलं खेळणं तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात अजिबात ठेवू नका, ती मुलं सगळं तोंडात घालतात. रंगवलेलं, मार्कर लावलेलंही नाही. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्या मानकात, आयएस ९८७३ मध्ये, शिसं, कॅडमियम, क्रोमियम असे आठ घटक खेळण्यातून किती बाहेर पडतात याची चाचणी असते. चमकीचं खेळणं घेताना मी हे चिन्ह बघतो, आणि मग चमक कुठे आहे ते बघतो. खोलगट जागी, जाळीच्या आत, दिव्याच्या मागे असेल तर टिकेल. बंपरच्या टोकाला, मुठीवर, खांद्याच्या गोळ्यावर असेल तर पहिल्याच दिवशी ब्रश आणि वॉर्निश काढायचं.

वॉर्निश लावलेला भाग रात्रभर काचेच्या बरणीखाली झाकून ठेवा, म्हणजे धूळही बसणार नाही आणि पोराचा हातही पोचणार नाही. आमच्याकडे भाचा सकाळी सहाला उठून बरणीसमोर बसला होता. मी बोटाच्या मागच्या बाजूने कड तपासली, चिकटत नव्हती, मग रोबो त्याच्या हातात दिला.